काही न खाणारी चूल

उमरखेडच्या चक्कीच्या गल्लीत पहिली विजेची शेगडी आली ती शंकरसिंग राठोडच्या घरी, आणि तिच्यावर पहिला चहा उकळायच्या आत गल्लीतल्या प्रत्येक घराने तिच्याबद्दल आपलं मत देऊन टाकलं होतं. मत द्यायला वीज लागत नाही. नंदाबाई म्हणाल्या, असल्या शेगडीवरच्या डाळीला चव येत नाही. त्यांनी अशी डाळ कुठे खाल्ली होती हे कोणी विचारलं नाही. गुलाम नबी चक्कीवाल्याने पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून विचारलं, "राठोडसाब, धूरच नाही तं पेटली हे समजते कसं?" आणि अय्यूब मिस्त्री, ज्याने ती बसवली, तो निघायच्या घाईत होता. लग्न जुळवून देणारा मध्यस्थ मांडवातून निघताना नवरदेवाकडे पाहतो तसं त्याने भिंतीवरच्या कटआउटकडे, म्हणजे फ्यूजच्या डबीकडे, पाहिलं आणि पान्हा-पक्कड पिशवीत भरून तो निघून गेला.

शंकरसिंग पंचायत समितीत आवक-जावक कारकून. आलेल्या कागदावर तो एक शिक्का मारी, जाणाऱ्या कागदावर दुसरा, आणि जगातल्या बहुतेक गोष्टींचा निकाल या दोन शिक्क्यांत लागतो असा त्याचा प्रामाणिक समज होता. पाहुणा आला, आवक. पाहुणा गेला, जावक. शेजाऱ्यांचा सल्ला तेवढा नुसता आवकच होत राही. बंजारा तांड्यातून निघून सरकारी खुर्चीवर बसलेला तो पहिला माणूस, त्यामुळे घरी चटईवर बसतानाही तो थोडा खुर्चीवर बसल्यासारखाच बसे.

शेगडी त्याने हौसेने घेतली नव्हती. त्याच्या याडीला, म्हणजे आईला, दमा होता. हंसाबाई तांडा सोडून मुलाकडे राहायला आली तेव्हाच तिची छाती वाजत होती. दिवाळी झाली, थंडीने दारं-खिडक्या लागल्या, चुलीतल्या कापसाच्या पऱ्हाट्यांचा धूर घरात कोंडला, तशी ती भिंतीला टेकून बसूनच झोपू लागली. डॉक्टरांनी कानातल्या नळ्या काढून सरळ सांगितलं, "औषध मी देतो, धूर तुम्ही देऊन राह्यले. धूर बंद करा. नाही केला, तं होळीची गोष्ट माझ्याजवळ बोलू नका."

घासलेटच्या स्टोव्हचा वास तिला धुराहूनही सोसत नव्हता. राहिली वीज. शंकरसिंग नांदेडला गेला आणि शेगडी एसटीत मांडीवर घेऊन आला. कंडक्टरने सामान टपावर टाकायला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "सामान नाही, औषध आहे." कंडक्टरने एवढं मोठं औषध पाहिलं नव्हतं, पण कारकुनाच्या चेहऱ्याला मान देऊन तो पुढे गेला.

चिनी मातीची थाळी, तिच्यात नागमोडी खाचा, खाचांत तारेचं वेटोळं आणि भोवती लोखंडी कडं. पहिल्या संध्याकाळी खटका दाबला आणि तार हळूहळू लाल झाली, तेव्हा शंकरसिंगची बायको जमनी दोन पावलं मागे सरली. हंसाबाई मात्र खाली वाकून बराच वेळ पाहत राहिली.

"शंकर्या, हे खाते काय?"

"काहीच नाही खात, याडी. ना लाकूड, ना गोवरी."

"मंग जगते कशी?"

शंकरसिंग हसला. "तारेतून येते सारं."

"तारेतून तं मेल्याची खबर येते," हंसाबाई म्हणाली आणि आपल्या घोंगडीवर जाऊन बसली.

चहा झाला. धुराशिवाय झालेला तो पहिला चहा हंसाबाईने न खोकता प्याला, आणि शंकरसिंगने मनातल्या मनात त्या संध्याकाळवर शिक्का मारला.

सकाळी जमनीने शेगडी लावली, वर आधण ठेवण्याआधी घागर घेऊन ती विहिरीवर गेली, आणि शंकरसिंग अंगणात दात घासत असताना आत फट्ट असा आवाज झाला. शेगडी विझली, दिवा विझला. कटआउटमधली तार जळून तिचा काळा डाग तेवढा उरला होता. याडी आपल्या घोंगडीवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिला भीती वाटली असणार असं समजून शंकरसिंग म्हणाला, "घाबरू नको, फ्यूज गेला." जमनीने नाइलाजाने चूल पेटवली आणि दुपारपर्यंत हंसाबाईचा खोकला गल्लीच्या टोकाला ऐकू येत होता.

अय्यूब आला. त्याने नवी तार घातली, शेगडी लावली, ती छान लाल झाली. "फ्यूज उडून राह्यला म्हणजे लाइनीत जान हाय, बाबूजी. मुर्दा लाइन कधी उडवत नाही." दिवसभर शेगडी चालली, रात्रीची भाकरी तिच्यावर झाली. सकाळी फट्ट.

आता हे रोजचंच झालं. अय्यूबला वाटलं अर्थिंग कमी पडतं. त्याने अंगणात खड्डा खणला, त्यात कोळसा आणि खडे मीठ भरलं, तांब्याची जाड तार सोडली, आणि जमनीवर रोज त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं काम आलं. "असं अर्थिंग कलेक्टरच्या बंगल्यात नाही," अय्यूब म्हणाला. ते खरंही असेल. खड्डा जितका ओला राही, तितका सकाळचा आवाज मोठा होई.

सल्ल्यांची आवक वाढली. नंदाबाईंनी शेगडीचं तोंड दक्षिणेला असल्याचं शोधून काढलं. गोल शेगडीला तोंड कुठे, असं शंकरसिंगने विचारलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणूनच तं समजून नाही राह्यलं तुमाले." मग जमनीला शेगडीवर मुंग्या दिसल्या. भिंतीवरून खाली, कड्यावरून आत, अशी व्यवस्थित रांग. जमनीने नंदाबाईंना दाखवलं.

"बिजलीले मुंग्या लागतातच, बाई," नंदाबाई म्हणाल्या. "गोड असते ते."

"बिजली?"

"नाही तं काय. उगीच येतेत काय मुंग्या?"

शंकरसिंगने हे ऐकलं आणि अडाणीपणाबद्दल मनात एक लहानसं भाषण केलं. मुंग्यांकडे मात्र त्याने पाहिलं नाही. त्याने पाहिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि बरं झालं असतं.

गुलाम नबीचा सल्ला सगळ्यात सोपा होता. "बारीक तार घालता म्हणून जळते. मोठी घाला. माह्या चक्कीले पाहा." अय्यूबने विचार केला आणि कटआउटमध्ये अशी तार घातली की तिने गाय बांधता आली असती. त्या सकाळी शंकरसिंगच्या घरचा फ्यूज उडाला नाही. गल्लीच्या तोंडावरच्या खांबावरचा उडाला. अजून उजाडायचं होतं. सगळ्या घरांतले दिवे एकदम गेले, चक्कीचा पट्टा गुरगुरत थांबला, कोणाच्या तरी रेडिओवरचं भजन अर्ध्या ओळीत तुटलं. मग त्या अंधारातून चक्कीवरून गुलाम नबीची खणखणीत हाक आली,

"राठोडसाऽब! झाला का चहा?"

सारी गल्ली हसली. वायरमन शिडी घेऊन यायला दुपार झाली, आणि तोवर ज्याला-त्याला दळण का झालं नाही हे गुलाम नबीने सविस्तर समजावून सांगितलं होतं. त्यानंतर जेव्हा-जेव्हा खांबावरचा फ्यूज उडाला, तेव्हा-तेव्हा ही हाक आली. तिच्यात राग नव्हता, हेच शंकरसिंगला सोसत नव्हतं. रागाला उलट टपाली उत्तर देता येतं. हसण्याला कोणता जावक क्रमांक टाकणार?

शेवटी त्याने डोकं लावलं. फ्यूज उडतो सकाळी. सकाळी चक्की सुरू होते. म्हणजे वीज ओढते चक्की, आणि बळी जाते शेगडी. हा शोध त्याला इतका आवडला की त्याने तो फुलस्केपवर उतरवला : 'सबब विनंती की, सदरहू पिठाच्या चक्कीमुळे अर्जदाराच्या वृद्ध व आजारी मातोश्रींच्या प्रकृतीस अपाय होत असून...' मातोश्री त्या वेळी दारात बसून श्वास मोजून घेत होत्या. तिला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "त्या गुलामवर कायले लिहितं? त्याचं काय नाही त्याच्यात."

"मंग कोणाचं हाय, याडी?"

हंसाबाईने पदर तोंडावर ओढला.

विजेच्या कचेरीतल्या साहेबांनी अर्ज वाचला. वाचता वाचता त्यांचे डोळे परत पहिल्या ओळीवर गेले.

"शेगडी कोणत्या मीटरवर आहे?"

"घरच्या."

"म्हणजे दिव्याच्या?"

"एकच मीटर आहे, साहेब."

साहेबांनी टाक खाली ठेवला. "राठोडबाबू, तुम्ही तक्रार आणली का कबुलीजबाब? दिव्याच्या मीटरवर शेगडी चालवता येत नाही. पॉवरचं मीटर वेगळं घ्यावं लागते."

शंकरसिंगने अर्ज परत मागितला. पण त्यावर आवक शिक्का बसला होता, आणि आवक शिक्का बसलेला कागद परत जात नाही, हे त्याने स्वतः आयुष्यात कितीतरी लोकांना अगदी याच आवाजात सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी माणूस आला, त्याने शेगडीच्या खटक्याला दोरी बांधली आणि दोरीला शिशाचं सील लावलं. शेगडी मांडणीवर तशीच. तिच्यावर जमनीने धुतलेली वाटी पालथी घातली. खाली कोपऱ्यात चूल पुन्हा पेटली, आणि हंसाबाईला आता दोन वाक्यांच्या मध्ये थांबावं लागू लागलं. मग एका वाक्याच्या मध्ये.

पॉवरच्या मीटरसाठी घरमालकाची सही हवी होती, घरमालक वणीला. नकाशा हवा होता. नकाशा काढणारा म्हणाला, घराचं काय काढायचं, चार भिंती आहेत. शंकरसिंग हेलपाटे घालत राहिला. ज्या खिडकीच्या आत तो सारा जन्म बसला, तिच्या बाहेर उभं राहिलं की माणूस किती लहान दिसतो, हे त्याला प्रथमच कळलं. आतला माणूस त्याच्याकडे न पाहता म्हणे, "उद्या या." शंकरसिंगला ते वाक्य, तो स्वर, ती मान वळवण्याची रीत, सगळं ओळखीचं होतं.

एके संध्याकाळी गुलाम नबी दारात उभा राहिला. "माह्यावर अर्ज केला म्हणे?"

"म्हणजे... चौकशीसाठी," शंकरसिंग खुर्चीवर नसतानाही खुर्चीवरून म्हणाला.

"करा ना चौकशी. जवारी पाठवा दळाले, तेबी तपासून घ्या." आतून हंसाबाईचा खोकला आला. लांबला. थांबेपर्यंत दोघेही जमिनीकडे पाहत होते. मग गुलाम नबी हलक्या आवाजात म्हणाला, "माही कमरुन्निसा ह्याच रोगानं गेली, राठोडसाब. पिठाच्या धुळीनं. डॉक्टरनं मलेबी सांगतलं होतं. म्या चक्की बंद नाही केली. चक्की बंद केली तं खाऊ काय, म्हटलं." त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली. "कागद द्या इकडे. त्या हापीसात मले ओळखतेत."

ज्याच्याविरुद्ध अर्ज केला त्याच्याच ओळखीने काम व्हावं, ही नोंद कोणत्या रकान्यात घालायची हे शंकरसिंगला सुचलं नाही. पण मीटर आलं. सील निघालं. अय्यूबने खबरदारी म्हणून नव्या कटआउटमध्येही गाय बांधायची तीच तार घातली. संध्याकाळी गुलाम नबी, नंदाबाई, अय्यूब, सगळे चहाला बसले, शेगडी तासभर लाल राहिली, आणि शंकरसिंगने कुदळ घेऊन सगळ्यांसमोर चूल फोडली. मातीचे तुकडे त्याने स्वतः उकिरड्यावर नेऊन टाकले. परत आला तेव्हा हंसाबाई चुलीच्या जागी उरलेल्या काळ्या गोल डागाकडे पाहत बसली होती.

"आता धूर संपला, याडी."

"हाव," ती म्हणाली.

सकाळी फट्ट. गल्ली अंधार. मग गुलाम नबीची हाक आली, पण आज तिच्यात दम नव्हता. "राठोडसाब... झाला का?"

शंकरसिंगचा तोल गेला. तो जमनीवर ओरडला. दूध उतू घालते, ओल्या हाताने खटका दाबते, लक्ष नाही, तांड्याचा अडाणीपणा गेला नाही. जमनीने डोक्यावरची घागर उतरवली आणि शांतपणे म्हणाली, "मी विहिरीवर होती. घरी तुमी होते अन् तुमचं मीटर होतं." मग घोंगडीवरून हंसाबाईचा आवाज आला,

"शंकर्या, मले तांड्यात नेऊन सोड."

"काहून?"

"इथलं मले झेपत नाही."

त्याने विनवलं, रागावला, डॉक्टरांचं नाव घेतलं. ती एकच बोलत राहिली, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. शेवटी त्याने तिला ढाणकीच्या रस्त्याने बसने आणि पुढे बैलगाडीने तांड्यात नेलं, चुलतभाऊ धरमसिंगच्या घरी. तिथे चूल होती, धूर होता, आणि त्या धुरात तिला सोडून मागे फिरताना शंकरसिंगला सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर हे की सबंध तांड्याला त्याने बिनधुराची चूल सांगून ठेवली होती.

ती गेली आणि फ्यूज उडायचा थांबला. एकदाही नाही. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. मुंग्याही गेल्या. नंदाबाईंनी दारातून आत न येता सुचवलं, "एखाद्या म्हाताऱ्या माणसाची नजर असते, बाबूजी. मनात काही नसते त्याहिच्या, पण लागते." शंकरसिंगने त्यांना झापलं. आणि रात्री जेवताना, लाल शेगडीवरून गरम भाकरी ताटात पडताना, त्याच्या मनात तोच विचार येऊन गेला. आला तो गेला, असं तो स्वतःला सांगत राहिला, पण त्या विचाराची जावक नोंद काही झाली नाही.

पौष सरत आला तसा तो तिला आणायला गेला. आनंदाची बातमी होती. गाडीतून उतरल्या उतरल्या त्याने सांगितली. "याडी, तू इथं आलीस तेव्हापासून एकबी फ्यूज नाही उडला! सारं ठीक झालं. चाल आता घरी."

हंसाबाई खूप वाळली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं. "म्हंजे मी इथं आली तेव्हापासून," ती म्हणाली. "मले वाटलंच होतं."

आणि भिंतीला धरून ती आत वळली.

सकाळी शंकरसिंग धरमसिंगच्या ओट्यावर बसून दातण करत होता. दारातून आतली चूल दिसत होती. हंसाबाई रांगत रांगत चुलीपाशी आली. तिने वाटीतली गुळाची ओली लापशी चिमटीत घेतली, तिच्यावर तूप सोडलं, आणि जाळावर टाकता टाकता पुटपुटली, "धावजी, घे." चर्र झालं. जाळ जरा मोठा झाला. हंसाबाईने हात जोडले आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

धावजी म्हणजे शंकरसिंगचा बाप. तो गेला त्या वर्षापासून पहिला घास चुलीला, चुलीतून त्याला. तांड्यातले इतर लोक वर्षातून एकदा, दिवाळीच्या काळ्या अमावास्येला, पितरांना घास देत, हंसाबाई रोज देई. शंकरसिंग हे लहानपणापासून इतक्यांदा पाहत आला होता की ते त्याला दिसेनासं झालं होतं, भिंतीवरचा जुना खिळा दिसेनासा होतो तसं. दातण त्याच्या तोंडातच राहिलं.

आता त्याला घरची सकाळ दिसली. जमनी विहिरीवर. तो स्वतः अंगणात दात घासतो, आत कोणी नाही. शेगडी लाल. म्हातारी उठते, ओल्या गुळाचा घास लाल तारेवर ठेवते. तारेवरून गूळ वितळून लोखंडी कड्याला टेकतो, आणि कलेक्टरच्या बंगल्यात नसलेल्या त्या अर्थिंगमधून सगळी वीज जमिनीत पळते. फट्ट. दुपारी अय्यूब येईपर्यंत जमनीने काही सांडलं असेल म्हणून वरवर पुसलेलं असतं. उरलं ते मुंग्यांना सापडतं. आणि म्हातारी दर सकाळी पाहते की तिने घास दिला की चूल विझते. तिच्या हातचं धावजी घेत नाही. घेत नाही तर नाही, सगळ्या गल्लीचा उजेड घेऊन जातो.

"याडी!" तो आत धावला. "अवं, तूच टाकत होतीस शेगडीवर?"

ती दचकली. मग लहान मुलीसारखी म्हणाली, "तू म्हटलं ना, ते काहीच खात नाही. उपाशी चुलीवर शिजवून खावं कसं? धावजीचाबी घास होता. पण त्यानं एकदाबी नाही घेतला, शंकर्या. म्या टाकला का इझवून टाके. कितीदा टाकून पाह्यला. गुळ जास्त घालून पाह्यला."

"अन् मले नाही सांगतलं?"

"काय सांगू? नवरा माह्या हातचं खात नाही म्हणून सांगू?"

शंकरसिंग तिच्यापुढे बसला. खाली, मातीवर, आणि या वेळी खरोखर खालीच. त्याने तार समजावली, कडं समजावलं, अर्थिंग, मीठ, कोळसा. तिच्या चेहऱ्यावर काही उमटेना. शेवटी तो म्हणाला, "बापानं नाही इझवलं, याडी. गुळानं इझवलं. तिथं कोणीबी टाकला असता, तरी इझली असती. मी टाकला असता तरीबी."

"म्हंजे धावजीचा राग नाही?"

"कायचा राग? तुह्या हाताले झटका लागला असता तं आतापावेतो तूच त्याच्यापाशी जाऊन बसली असती."

हंसाबाई हसायला लागली. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता पुन्हा हसू, आणि मधे तिने त्याच्या डोक्यावर टपली मारली. "शिकला-सवरला अन् आपल्या चुलीले काय लागते हे नाही समजलं तुले." मग दम खात खात ती म्हणाली, "येतो मी. जरा छाती बसू दे. तवर एक खापर आणून ठेव, निखारे ठेवाले. माहा घास मी अंगणात देईन. तुही शेगडी तुले लखलाभ."

सोमवारी न्यायचं ठरलं. शंकरसिंगने खापर आणलं, बाजारातली सगळी खापरं वाजवून पाहून एक घेतलं. ठरलेल्या सोमवारच्या आधीच धरमसिंग सायकलवरून आला. सायकल त्याने भिंतीला टेकवली नाही, हातातच धरून उभा राहिला, आणि ते पाहूनच जमनी आत गेली. होळीला अजून अवकाश होता. डॉक्टरांचा हिशेब चुकला नव्हता.

मातीला गल्लीतून गुलाम नबी आला. त्या दिवशी चक्की बंद होती. दळण घेऊन आलेल्या बायका कुलूप पाहून परत गेल्या.

मग शेगडी चालू लागली. उन्हाळा, पावसाळा, कोणत्याच सकाळी आवाज झाला नाही. लोक पाहायला येऊ लागले. नंदाबाईंनीही एक घेतली, आणि तोंड कोणत्या दिशेला ठेवायचं ते विचारायला त्या जमनीकडे आल्या. अय्यूब आपल्या अर्थिंगची कीर्ती सांगत फिरू लागला. शंकरसिंग सकाळी दात घासताना मधेच थांबून आतल्या शांततेकडे कान लावी, आणि काही ऐकू आलं नाही की पुन्हा घासू लागे.

दिवाळी आली. काळ्या अमावास्येला, दिवेलागणीला, पितरांना घास द्यायचा. या वर्षी नावं दोन होती. जमनीने शेगडीवर लापशी केली, उतरवली, वर तुपाची धार सोडली, आणि विचारलं, "चूल तं तुमीच फोडली. अंगणात लाकडं पेटवू? का त्या खापरात निखारे करू?"

शंकरसिंगने खापराकडे पाहिलं. ते अजून कोरंच होतं. निखाऱ्यांना आधी लाकडं पेटवावी लागणार होती.

"नको," तो म्हणाला. "धूर होते. तिले चालत नाही."

जमनीने डोक्यावरचा पदर सारखा केला. शेगडी लाल होती. शंकरसिंगने घास चिमटीत घेतला, हात उंच धरला. "धावजी," तो म्हणाला. "हंसाबाई." आणि सोडला.

फट्ट!

घर गेलं, गल्ली गेली, चक्कीवरचा मोठा दिवा गेला. ओट्या-ओट्यांवरच्या पणत्या तेवढ्या उरल्या, एरवी विजेच्या उजेडात दिसत नव्हत्या इतक्या. पोरांच्या फटाक्यांचा आवाजही क्षणभर थांबला. मग चक्कीच्या दारातून, कितीतरी महिन्यांनी, हाक आली,

"राठोडसाऽब! झाला का चहा?"

शंकरसिंग अंधारात उभा होता. बोटांना गूळ चिकटला होता. तो दारापाशी आला आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला,

"झाला, गुलामभाई. दोघांचाही झाला."

थोड्या वेळाने गुलाम नबी चक्कीतून बाहेर आला, ओट्यावर टेकला, आणि वायरमनला बोलवायला कोणी उठलं तर "राहू द्या थोडा वेळ" म्हणून त्याला खाली बसवू लागला.